मोहोराचा भाव

चिपळूण मागे पडले की गुहागरची वाट डोंगराच्या पाठीवरून चालू लागते. मार्गताम्हाने जाते, शृंगारतळीचा बाजार जातो आणि मोडकाआगरापाशी रस्ता फुटतो. सरळ गेलात तर गुहागर आणि तिथून पुढे अंजनवेल व दाभोळची खाडी. दक्षिणेला वळलात तर पालशेत, अडूर करीत करीत वेळणेश्वर. शेवटचा टप्पा नुसत्या सड्याचा. काळपट जांभा, वाळून सोनेरी झालेले गवत, मधूनच एखादे एकाकी झाड. हा रस्ता कुठे समुद्राला जात असेल असे वाटतच नाही. मग तो एकाएकी खाली उतरू लागतो. माडांचे शेंडे आधी पायाखाली दिसतात, मग डोळ्यांसमोर येतात, मग डोक्यावर जातात आणि गाव आलेले असते.

आम्ही गेलो ते २०२५च्या जानेवारीत. पुण्याहून निघून कुंभार्ली घाट उतरलो, तेव्हा गाडीत सहा माणसे होती. माझी आई, थोरली ताई, तिचे यजमान म्हणजे आमचे भाऊजी, आमची सौ., आठ वर्षांची कन्या आणि मी. गाडी भाऊजींची. खर्च निम्मा-निम्मा. निमित्त मात्र सर्वस्वी आईचे होते. तिच्या माहेरच्या वाडीतला तिचा वाटा भावांनी रीतसर काढून दिला होता आणि बारा लाख रुपये तिच्या नावावर बँकेत येऊन पडले होते. आईचे वय चौऱ्याहत्तर. एवढी रक्कम तिने आयुष्यात एकरकमी पाहिली नव्हती. "आधी वेळणेश्वराला अभिषेक, मग पैशाचं काय करायचं ते ठरवू," असे तिने जाहीर केले. तिच्या माहेरचे ते कुलदैवत. कोकणस्थांच्या कितीतरी घराण्यांचे ते तसे आहे. वेळणकर हे आडनाव तर गावाचे नावच अंगावर घेऊन हिंडते.

देऊळ किनाऱ्याला अगदी लागून आहे. पुढे उंच दीपमाळ, मागे माड, त्यांच्या मागे अर्धचंद्रासारखा वळलेला वाळूचा पट्टा. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. एरवी गुरवाच्या घंटेचा आणि लाटांचा एवढाच काय तो आवाज. नवसाला पावायला हा देव वेळ लावीत नाही म्हणून तो वेळणेश्वर, अशी व्युत्पत्ती गावात सांगतात. गेली वीस वर्षे मराठी शिकवीत असल्यामुळे असल्या व्युत्पत्तींकडे मी जरा संशयानेच पाहतो. पण संस्कृतातल्या 'वेला' शब्दाचे अर्थ मात्र मजेदार आहेत. वेला म्हणजे काळ, तशीच वेला म्हणजे समुद्राची कड, भरतीची मर्यादा. जिथे समुद्र थांबतो ती जागा आणि जी थांबत नाही ती वेळ, दोन्ही एकाच शब्दात. त्या तीन दिवसांत आमच्या घरात जी चर्चा झाली तीही वेळेचीच होती, म्हणजे वेळेला काय भाव मिळतो ह्याची. आणि तिच्या जोडीला आणखी एका वस्तूची, ती म्हणजे जोखीम.

हा शब्दही पाहण्यासारखा आहे. आमची आजी लग्नाला निघाली की "अंगावर जोखीम आहे, सांभाळून बसा" म्हणायची. तिला धोका म्हणायचे नसे, दागिने म्हणायचे असत. मौल्यवान वस्तू तीही जोखीम आणि तिच्या पोटी येणारे भय तेही जोखीम. आमच्या वाणिज्य शाखेचे एक प्राध्यापक मधल्या सुट्टीत मला अर्थशास्त्र शिकवण्याचा प्रयत्न करीत असतात. त्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आमच्या पुस्तकांना हे सांगायला शेकडो पानं लागतात."

तर भाऊजींची योजना. भाऊजी सज्जन गृहस्थ, लोकांना उपयोगी पडणारे. त्यांना कोणीतरी एक संस्था सांगितली होती. ती दरमहा दोन टक्के देते. लाखाला दोन हजार, महिन्याच्या पाच तारखेला, न चुकता. भाऊजींनी स्वतः दोन लाख ठेवले होते आणि चार हप्ते वेळेवर आले होते. "हमखास आहे, आई," ते म्हणाले, "लेखी हमी देतात." बारा लाखांचे दरमहा चोवीस हजार. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला दरमहा चोवीस हजार म्हणजे कोणापुढे हात पसरायला नको. आणि सांगणारा कोण, तर जावई. आपल्याकडे जावयाला नाही म्हणण्याची रीत अजून कोणी शोधून काढलेली नाही. आई "बघू" म्हणाली. मी गप्प बसलो.

ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो ते यजमान साठीच्या पुढचे. घराच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी, मागे माड-पोफळी आणि गावाच्या दोन टोकांना हापूसची दोन बागा. सकाळी त्यांच्या पडवीत कुळथाचे पिठले आणि गरम भात खात असता एक माणूस मोटारसायकलवरून आला, यजमानांशी हळू आवाजात बोलला, दोघे मागे गेले आणि अर्ध्या तासाने परतले. तो आंब्याचा व्यापारी होता. मोहोर पाहायला आला होता. कोकणात ही पद्धत जुनी आहे. झाडावर नुसता मोहोर असताना बाग विकायची, पैसे रोख घ्यायचे. पुढे फवारणी, राखण, उतरणी आणि नशीब, सगळे घेणाऱ्याचे.

"काय ठरलं, काका?" मी विचारले.

"वरच्या बागेला एक साठ म्हणतो. खालच्या बागेला एक पंच्याऐंशी."

"वरची लहान आहे का?"

"कलमं सारखीच. सरासरी धराल तर उत्पन्नही सारखंच. दोन्हींचं दोन लाखाच्या आसपास. पण अहो मास्तर, वरची आहे वाऱ्याच्या तोंडावर. जमलं तर तीन लाखांची, नाही जमलं तर एकाची. खालची आडोशाला आहे. ती फार तर दोन वीस देईल, पण एक ऐंशीच्या खाली कधी गेली नाही."

वाचकहो, दोन बागा, दोघींची सरासरी दोन लाख, आणि भाव मात्र वेगळा. माझ्या प्राध्यापक मित्रांच्या फळ्यावरचे गणित इथे पडवीत येऊन बसले होते. खालच्या बागेवर व्यापारी एक लाख पंच्याऐंशी हजार घालतो आणि सरासरीने दोन लाख काढतो. त्याचा नफा पंधरा हजार, म्हणजे शेकडा आठ. वरच्या बागेवर तो एक लाख साठ हजार घालतो आणि सरासरीने तेच दोन लाख काढतो. नफा चाळीस हजार, म्हणजे शेकडा पंचवीस. हे जास्तीचे सतरा टक्के कोणी त्याला वरून बक्षीस म्हणून देत नाही. ते भाव पाडूनच येतात. वस्तूच्या उत्पन्नाबद्दल शंका जितकी मोठी तितकी तिची आजची किंमत कमी, आणि किंमत जितकी कमी तितका तिच्यावरचा अपेक्षित परतावा जास्त. एकाच तराजूची ही दोन पारडी. शेअर असो, कर्जरोखा असो की आंब्याचा मोहोर असो, बाजार ह्याच रीतीने भाव बांधतो. ह्यातला 'अपेक्षित' हा शब्द मात्र वाचताना गिळू नये. पंचवीस टक्के हे सरासरीचे आहेत. एखाद्या वर्षी व्यापारी एक लाख साठ घालून एक लाख घेऊन घरी जातो.

"मग चाळीस हजार तुम्ही त्याला सोडता?" सौ.ने विचारले.

"सोडत नाही, वहिनी. झोपेला देतो. मार्चमध्ये रात्री वारा सुटला की मी कूस बदलतो आणि परत झोपतो. तो जागा असतो."

हे उत्तर ऐकताना आईने हातातला घास थाळीत ठेवलेला मी पाहिला.

दुपारी मी आणि भाऊजी बुधलला गेलो. वेळणेश्वराहून उत्तरेला, समुद्रात घुसलेल्या खडकांच्या कुशीत वसलेली ही कोळ्यांची वस्ती. घरे एकमेकांच्या खांद्यावर उभी असल्यासारखी उतारावर चढलेली, खाली होड्या आणि वाळत घातलेली जाळी. एका तांडेलाशी गप्पा झाल्या. होडीवर काही खलाशी पगारी असतात, काही वाट्यावर. पगाऱ्याला मासळी मिळो न मिळो, बांधलेली रक्कम मिळते. वाट्यावरच्याला डिझेल-बर्फाचा खर्च वजा जाता हिस्सा मिळतो. कधी रिकामे हात, कधी दोन दिवसांत महिन्याची कमाई. वर्षाचा हिशेब केला तर वाट्यावरचा पुढे असतो असे तांडेल म्हणाला. "नाहीतर वाट्यावर येईल कोण?" हा त्याचा प्रश्न मला फार आवडला. उत्पन्न डळमळीत आणि वर सरासरीही कमी, असे काम कोणी पत्करणार नाही. ते पत्करणारा मिळेपर्यंत वाटा वाढवावाच लागतो.

पण खरी गोष्ट त्याने पुढे सांगितली. ते तिघे भाऊ. होड्या तीन. लोकांना वाटते एकेकाची एकेक. तसे नव्हते. तिन्ही होड्यांत तिघांचाही सारखा हिस्सा. एखादीचे इंजिन बसले, एखादीचे जाळे खडकात फाटले, तरी उरलेल्या दोन चालतात आणि कोणाच्याच घरी चूल विझत नाही. मी विचारले, इंजिन बिघडण्याची ही जी भीती, तिच्यापायी मासळीला काही जादा भाव मिळतो का? तो हसला. "माझं इंजिन बिघडलं त्याचं गिऱ्हाइकाला काय?"

१९५२ साली हॅरी मार्कोविट्झ ह्या तरुण अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने आपला निबंध छापला तो ह्याच विषयावर. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत हे जगाला आधीच ठाऊक होते. किती टोपल्यांत किती ठेवावीत आणि त्याने भय नेमके किती घटते, हे त्याने गणिताने दाखवले. पुढे १९६४ मध्ये विल्यम शार्प ह्याने त्यावरून एक निष्कर्ष काढला, तो वरवर पाहता अन्यायाचा वाटतो. बाजार सगळ्या जोखमीचे मोल देत नाही. जी जोखीम वाटून घेता येते, विखरून नाहीशी करता येते, तिच्याबद्दल एक पैसाही जादा मिळत नाही, कारण ती न विखरता अंगावर घेऊन बसणे हा ज्याचा त्याचा हट्ट. तिन्ही होड्यांत हिस्सा असलेला भाऊ ती भीती फुकट पेलतो, मग एकट्याच्या होडीवाल्याला त्याबद्दल वेगळा भाव कोण देणार? मोल मिळते ते फक्त न विखरता येणाऱ्या जोखमीचे. १९९० साली ह्या दोघांना, मर्टन मिलर ह्यांच्यासह, अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

न विखरता येणारी जोखीम कोणती, तेही तांडेलानेच सांगितले. २००९च्या नोव्हेंबरात फयान वादळ आले. समुद्रात असलेल्या होड्यांना परतायला सवड मिळाली नाही, कोकणच्या किनाऱ्यावर कितीतरी घरांतली माणसे गेली. "त्या दिवशी तीन होड्या असून काय आणि तीस असून काय," तो म्हणाला, आणि मग बराच वेळ बोलला नाही. भाऊजीही बोलले नाहीत. वादळ, मंदी, युद्ध, साथ ही सगळी एकाच वेळी सगळ्या होड्यांवर येतात. शेअरबाजारात वर्षानुवर्षे पैसे ठेवणाऱ्याला ठेवीपेक्षा सरासरीने जे जास्त मिळते ते त्याच्या हुशारीचे मोल नव्हे. अशा दिवशीही तो होडीत बसलेला असतो, त्याचे ते वेतन.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिषेक झाला. आईने देवाला काय सांगितले ते तिने आम्हाला सांगितले नाही. दुपारी सगळेच अंजनवेलला निघालो. मोडकाआगरावरून गुहागर, व्याडेश्वराचे दर्शन, आणि मग उत्तरेला खाडीच्या मुखाशी. तिथे टाळकेश्वराचे देऊळ आहे, दीपगृह आहे आणि गोपाळगडाची तटबंदी आहे. पलीकडच्या काठावर दाभोळ. आज ते एक साधे बंदर दिसते, पण बहामनी आणि आदिलशाही काळात ह्या खाडीत अरबस्तानातून घोडे उतरत आणि इथून कापड बाहेर जाई. १५०८च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा ह्याने हे शहर जाळले. ज्या सावकाराचा पैसा त्या आठवड्यात दाभोळच्या गोदामात पडला असेल त्याचे काय झाले असेल, हा विचार तटावर उभे राहिले की येतोच.

ह्या सावकारांचे गणित फार जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, तिसऱ्या अधिकरणात, व्याजाचे दर दिलेले आहेत. साध्या कर्जाला शेकडा दरमहा सव्वा पण. व्यापाऱ्याला पाच. रानावनातून माल नेणाऱ्याला दहा. समुद्रावर जाणाऱ्याला वीस. याज्ञवल्क्यस्मृतीतही रानात जाणाऱ्याला दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस हेच दर आहेत. एकच पैसा, एकच महिना. पहिला सव्वा पण वेळेचा, आणि त्याच्या वरचे सगळे वाघाचे, दरोडेखोराचे आणि लाटांचे. आजच्या भाषेत बोलायचे तर २०२५च्या आरंभी बँकेची वर्षाची ठेव सात टक्क्यांच्या आसपास देत होती. तो आजचा सव्वा पण. त्याच्या वर कोणी काही देऊ केले तर विचारायचे ते एवढेच, की वाट रानातली आहे की समुद्रातली.

गडावरून उतरताना कन्येने विचारले, "ती धुराडी कसली?" आमच्या पिढीला ते सांगावे लागत नाही. मी शाळेत असताना 'एन्रॉन' हा शब्द मराठी घरात रोज वर्तमानपत्रातून येत होता. कंपनीचे नाव दाभोळ पॉवर कंपनी. कारखाना मात्र दाभोळला नाही, खाडीच्या ह्या अंगाला, अंजनवेल-रानवी-वेलदूरच्या परिसरात. वेळणेश्वरापासून तासाभराच्या आत आपण त्याच्यापाशी येतो. जोखीम आणि परतावा ह्यांचा संबंध समजून घ्यायला एवढे मोठे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही आणि ते नेमके ह्याच तालुक्यात उभे आहे.

१९९२च्या जूनमध्ये एन्रॉनचे लोक आले आणि काही दिवसांतच राज्य वीज मंडळाशी प्राथमिक करारावर सह्या झाल्या. १९९३च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला. दोन टप्प्यांत दोन हजार मेगावॉटच्या वर वीज. परदेशी भांडवल वीजक्षेत्रात यावे म्हणून केंद्राच्या त्या वेळच्या धोरणात भागभांडवलावर १६ टक्के परतावा मान्य केलेला होता. दाभोळच्या करारातून प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त पडेल असे टीकाकारांचे गणित होते. सोळाच धरू. त्या वर्षी अमेरिकी सरकारचे दहा वर्षांचे कर्जरोखे सहा टक्क्यांच्या आसपास देत होते. म्हणजे वेळेचे सहा. मग वरचे दहा कशाचे? अर्थात जोखमीचे. परका देश, परके चलन, इंधनाचे भाव, ग्राहकाची ऐपत, बदलणारी सरकारे.

आता करार पाहा. वीज घेतली नाही तरी उभ्या यंत्रांचा आकार मंडळाने द्यायचा. तो डॉलरच्या भावाशी बांधलेला. इंधन महागले तर तेही मंडळाच्या माथी. मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य सरकारची हमी. राज्याने दिले नाहीत तर पहिल्या टप्प्यापुरती केंद्र सरकारची प्रतिहमी. एकेक करून प्रत्येक भीती कागदावर दुसऱ्याच्या नावे केलेली, आणि तिच्याबद्दलचे दहा टक्के मात्र जागच्या जागी. वरच्या बागेचा भाव एक लाख साठच ठरवायचा आणि वर बागायतदाराकडून लिहून घ्यायचे, की आंबा आला नाही तर तीन लाख तुम्ही भरून द्या! १९९३ मध्येच जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असे सांगून कर्ज नाकारले होते.

पुढचे बहुतेकांना आठवत असेल. निवडणुकीत प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली, १९९५च्या ऑगस्टमध्ये नव्या सरकारने तो रद्द केला, आणि काही महिन्यांत नव्याने वाटाघाटी होऊन तो पुन्हा वर आला. १९९९च्या मे महिन्यात पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. तोवर १९९३ मध्ये एकतीस रुपयांच्या आसपास असलेला डॉलर त्रेचाळीसच्या आसपास गेला होता. नाफ्था महाग झाला होता. मंडळ वीज कमी उचलू लागले तसा उभ्या यंत्रांचा आकार थोड्याच युनिटांवर पडू लागला, आणि २००० साली काही काळ युनिटचा भाव सात रुपयांच्या वर गेला. मंडळ थकले. २००१च्या आरंभी प्रतिहमी वटवण्याची पाळी आली, मे महिन्यात यंत्रे थांबली आणि डिसेंबरात खुद्द अमेरिकेतली एन्रॉन आपल्याच हिशेबांतल्या खोटेपणापायी दिवाळ्यात गेली. प्रकल्पाला कर्ज देणाऱ्यांत आपल्याच मोठ्या वित्तसंस्था होत्या. २००५ मध्ये तो सरकारी कंपन्यांच्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर ह्या नव्या कंपनीकडे गेला, २००६ मध्ये पुन्हा चालू झाला आणि २०१३ पासून तिथल्या धक्क्यावर द्रवरूप वायू उतरू लागला.

ह्या प्रकरणात लाच कोणी खाल्ली, राजकारण कोणाचे होते, ह्यावर आपल्याकडे पुष्कळ शाई खर्च झाली. मला मात्र त्यातला साधा हिशेब अधिक बोलका वाटतो. जोखीम कागदावर मंडळाकडे सरकली, पण मंडळाचे खांदे होते तेवढेच राहिले. शेतीपंपांचे थकलेले बिल, तारांवरची चोरी, तोट्याचे खाते, सगळे जागच्या जागी. ज्याला ओझे पेलवत नाही त्याच्या डोक्यावर ते ठेवले तर ओझे हलके होत नाही. ते फक्त पडते त्या दिवसापर्यंत दिसत नाही. आणि पडले तेव्हा हमी घेणारा आणि हमी देणारा दोघेही त्याखाली सापडले.

भाऊजी हे सगळे लक्ष देऊन ऐकत होते. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "पण ते सरकार होतं. ही संस्था लहान आहे, ओळखीची माणसं आहेत." मागच्या बाकावरून आई म्हणाली, "जावईबापू, एक विचारू का? रागावू नका."

"विचारा ना, आई."

"काल तो आंब्याचा व्यापारी आला होता. त्याला शंभराला पंचवीस सुटतात, कारण वाऱ्याची भीती तो घेतो. बरोबर? मग तुमच्या ह्या योजनेत भीती कोण घेतं?"

"संस्था घेते. म्हणून तर हमी आहे."

"भीती संस्था घेते तर चोवीस टक्के संस्थेनंच ठेवायला हवेत. मला कशाला देते? काका झोपेला चाळीस हजार देतात. मला झोपही द्यायची आणि वर चोवीस हजारही द्यायचे, असं ती माणसं का करतात?"

गाडीत कोणी काही बोलले नाही. पालशेतच्या बाजारात भाऊजींनी गाडी थांबवली आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला. चहा पिता पिता ते म्हणाले, "हप्ते मात्र वेळेवर येतात हं, आई." आई म्हणाली, "येवोत. तुमचे पैसे आहेत, ते सुखरूप यावेत अशीच माझी इच्छा." नाही म्हणण्याची रीत कोणी शोधून काढलेली नाही असे मी वर लिहिले आहे. ती आईला ठाऊक होती.

रात्री पडवीत बसून तिने वाटणी केली. नऊ लाख डाकघरातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. तेव्हा तिथे ८.२ टक्के होते, म्हणजे तिमाहीला अठरा हजारांच्या वर. महिन्याला चोवीस हजार नव्हेत, पण तिचे भागते. एक लाख बँकेत, आजारपणाला. उरलेले दोन लाख नातीच्या नावाने, सगळ्या मोठ्या कंपन्यांत थोडे थोडे विखुरणाऱ्या एका फंडात. "त्यात वादळ आलं तर?" मी मुद्दाम विचारले. "येईल की," ती म्हणाली, "पण तिला अजून दहा वर्षं लागायची नाहीत ते पैसे. मला लागतील. म्हणून तिची होडी, माझं डाकघर." आमच्या प्राध्यापक मित्रांना हे सांगितले तेव्हा त्यांनी वहीत उतरवून घेतले. ते त्याचे काय करणार आहेत ते मी विचारले नाही.

निघताना यजमानांनी सांगितले की वरची बाग त्यांनी एक साठला दिली, खालची स्वतःकडेच ठेवली. पंधरा हजारांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे कशाला पाहायचे, आणि आडोशाची बाग असताना झोप काही मोडत नाही, असा त्यांचा विचार. त्या वर्षी पाऊस लवकर आला. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच कोकणात सरी कोसळू लागल्या आणि झाडावर उरलेला आंबा गेला. यजमानांचा फोन आला तेव्हा मी चौकशी केली. वरच्या बागेत व्यापाऱ्याला फार तर एक लाख तीस हजार सुटले असतील असे ते म्हणाले. शेजारच्या दोन गावांत त्याने घेतलेल्या बागा मात्र पावसाआधीच उतरवून झाल्या होत्या. "पुढच्या वर्षाचं आताच बोलून ठेवलंय त्यानं," यजमान म्हणाले, "वरच्या बागेला एक पंचावन्नच्या वर जाणार नाही म्हणतो. मी साठ सांगितलेत."